अनुदान मंडपाला, महागाई मूर्तिशाळेला

कोलकात्यातील कुमारटुलीच्या मूर्तिकारांपर्यंत सरकारी मदत कोणत्या वाटेने पोहोचते, आणि कोठे अडते?

उत्तर कोलकात्यात हुगळी नदीच्या काठी, शोभाबाजारजवळ कुमारटुली नावाची वस्ती आहे. कुंभारांची वस्ती असा या नावाचा सरळ अर्थ. अरुंद गल्ल्यांत दुतर्फा उभ्या असलेल्या शेकडो लहान कार्यशाळांमधून दुर्गा, काली, लक्ष्मी आणि सरस्वती यांच्या मातीच्या मूर्ती घडविल्या जातात. येथील अनेक घराण्यांचे पूर्वज नदिया जिल्ह्यातील कृष्णनगर परिसरातून आले. कोलकात्याच्या दुर्गापूजेचा डिसेंबर 2021 मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. त्याच वर्षी ब्रिटिश कौन्सिलने प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, 2019 मधील दुर्गापूजेशी निगडित सर्जनशील उद्योगांची उलाढाल 32,377 कोटी रुपये, म्हणजे राज्याच्या सकल उत्पादनाच्या 2.58 टक्के असल्याचे नमूद करण्यात आले होते.

आकडा मोठा आहे. या उलाढालीच्या केंद्रस्थानी असलेली मूर्ती मात्र आजही अत्यंत लहान उद्योगात तयार होते. एक प्रमुख मूर्तिकार, घरातील माणसे, हंगामापुरते गावाकडून आलेले पाच-दहा कारागीर आणि भाड्याची किंवा वडिलोपार्जित जागा, एवढाच या उद्योगाचा पसारा असतो. खर्च वाढला की सर्वप्रथम अडचणीत येतो तो हाच घटक. अशा घटकांसाठी केंद्राच्या आणि राज्याच्या योजना आहेत आणि त्यांची संख्याही कमी नाही. तरीही कुमारटुलीतून दरवर्षी तीच तक्रार का ऐकू येते, हे समजण्यासाठी या धंद्याचे वेळापत्रक आधी पाहावे लागेल.

बयाणा आषाढात, खर्च भाद्रपदात

रथयात्रेच्या दिवशी मूर्तीच्या सांगाड्याची पूजा करून कामाला प्रारंभ करण्याची प्रथा आहे. या सांगाड्याला बंगालीत 'काठामो' म्हणतात. पूजा समित्या साधारण याच सुमारास, तर काही त्याहीपूर्वी मूर्तीची मागणी नोंदवितात आणि काही रक्कम आगाऊ देतात. तिला तेथे 'बायना' असे नाव आहे. मराठीतील 'बयाणा' हा शब्द वाचकांच्या लगेच लक्षात येईल. गंगेच्या मुखापासून सह्याद्रीपर्यंत व्यापाऱ्यांनी एकच शब्द जपला आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारी आहे. मूर्तिकाराला मात्र तिचा उपयोग नाही, कारण बयाणा स्वीकारला की किंमत ठरते. त्यानंतर बांबू महागला, पेंढा महागला, रंग महागले, तरी ठरलेली किंमत सहसा बदलत नाही.

बांबूच्या सांगाड्यावर पेंढा ज्यूटच्या दोरीने घट्ट बांधून मूर्तीचा आकार तयार केला जातो. त्यावर 'एंटेल' ही चिकट माती आणि नंतर 'बेले' ही मऊ, वाळूमिश्रित माती चढविली जाते. चिकट माती उलुबेरियाच्या बाजूने होड्यांतून येते. माती वाळली, भेगा बुजविल्या की खडूचा थर, चिंचोक्याच्या खळीत कालविलेले रंग, ज्यूटचे केस आणि शेवटी शोला या पाणवनस्पतीच्या पांढऱ्या गाभ्याचे किंवा चकाकत्या पत्र्याचे दागिने. पत्र्याच्या या साजाला 'डाकेर साज' म्हणतात. पूर्वी हा चकाकता पत्रा जर्मनीहून टपालाने, म्हणजे डाकेने, येत असे म्हणून हे नाव पडले, असे सांगितले जाते.

ही सारी सामग्री लागते त्या क्रमाने घेतली जाते. लहान मूर्तिकाराजवळ ती एकदम घेऊन ठेवण्याइतके भांडवल नसते आणि जागाही नसते. किंमत उन्हाळ्याच्या अखेरीच्या बाजारभावावर ठरते आणि सर्वाधिक खर्च सणाच्या तोंडावर, सर्वांचीच मागणी वाढलेली असताना होतो. मजुरीचेही तसेच आहे. शेवटच्या सहा आठवड्यांत कुशल हात मिळविण्यासाठी जादा पैसे मोजावे लागतात. पाऊस लांबला तर मूर्ती वाळविण्याचा खर्च निराळा. या सर्व वाढीचा भार उचलणारा एकच असतो, तो म्हणजे ज्याने बयाणा घेतला आहे तो.

एप्रिल 2021 ते सप्टेंबर 2022 अशा सलग अठरा महिन्यांत देशातील घाऊक महागाईचा दर दोन अंकी होता, आणि मे 2022 मध्ये तो 15 टक्क्यांच्याही पुढे गेला होता. किंमत आधी ठरवून माल नंतर देणाऱ्या प्रत्येक लहान उत्पादकाला या काळाने फटका दिला. कुमारटुलीला तर तो करोनाच्या टाळेबंदीनंतर आणि 20 मे 2020 रोजी आलेल्या अम्फान चक्रीवादळानंतर लगेच बसला.

अनुदान कोणाला?

पश्चिम बंगाल सरकारने 2018 मध्ये पूजा समित्यांना प्रत्येकी 10 हजार रुपये देण्याचा निर्णय घेतला. त्या वर्षी 28 हजार समित्यांसाठी 28 कोटी रुपयांची तरतूद होती. पुढे ही रक्कम वाढत गेली. 2019 मध्ये 25 हजार, 2020 आणि 2021 मध्ये 50 हजार, 2022 मध्ये 60 हजार, 2023 मध्ये 70 हजार, 2024 मध्ये 85 हजार आणि 2025 मध्ये 1 लाख 10 हजार रुपये. समित्यांची संख्या केवळ चाळीस हजार धरली, तरी 2025 चा खर्च 440 कोटी रुपये होतो. त्याशिवाय मंडपाच्या वीजबिलात 2025 मध्ये 80 टक्के सवलत जाहीर करण्यात आली होती.

सात वर्षांत समितीला मिळणारी रक्कम अकरा पट झाली. बाहेरून पाहणाऱ्याला हा पैसा मूर्तिकारापर्यंत झिरपत असेलच असे वाटेल. काही प्रमाणात तो झिरपतही असावा, कारण हाती पैसा असलेली समिती मोठी मूर्ती मागते आणि बयाणाही वेळेवर देते. तथापि, हे अनुदान मूर्तीसाठी कधीच नव्हते. न्यायालयात त्याला आव्हान देण्यात आले तेव्हा सरकारने ते सार्वजनिक सुरक्षितता आणि पोलीस-जनता सहकार्य यांसाठी असल्याचे सांगितले. ऑक्टोबर 2020 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने रकमेपैकी 75 टक्के भाग मुखपट्ट्या, जंतुनाशके आदींवर आणि उर्वरित 25 टक्के पोलीस व जनता यांच्यातील सहकार्यावर खर्च करावा, असा आदेश दिला. ऑगस्ट 2025 मध्ये विनियोग प्रमाणपत्र सादर न करणाऱ्या समित्यांचा प्रश्न पुन्हा न्यायालयापुढे आला. या साऱ्या वादात सार्वजनिक पैसा धार्मिक उत्सवावर खर्च करावा की करू नये, हाच मुद्दा गाजला. ठरलेल्या किमतीत अडकलेल्या कारागिराचा मुद्दा त्यात आला नाही, आणि तो न्यायालयासमोरचा प्रश्नही नव्हता.

वीज सवलतीचेही तसेच. ती मंडपाच्या रोषणाईसाठी होती. कुमारटुलीतील ज्या दिव्याखाली रात्रभर मूर्ती रंगविली जाते, त्या दिव्याच्या बिलाशी तिचा संबंध नव्हता.

अनुदान खरेदीदाराला देणे ही मदतीची अयोग्य पद्धत आहे असे नाही. मागणी टिकली तर उद्योग टिकतो. मात्र मागणी वाढल्याने बांबू आणि मजुरीही महाग होते, आणि किंमत आधीच बांधून घेतलेल्या मूर्तिकाराला त्या वर्षापुरता तरी तोटाच होतो, हे गणित जमेस धरले पाहिजे.

कर्ज: हमी कोणाला, हप्ता केव्हा?

लघुउद्योगांना मदत म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा कर्ज. मुद्रा योजना एप्रिल 2015 मध्ये सुरू झाली. तिच्या 'शिशु' गटात 50 हजारांपर्यंत आणि 'किशोर' गटात पाच लाखांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. पश्चिम बंगाल सरकारने 2023 मध्ये 'भविष्यत् क्रेडिट कार्ड' योजना आणली. तीत पाच लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारकडून प्रकल्पखर्चाच्या दहा टक्के, कमाल 25 हजार रुपयांचा हातभार होता. केंद्र सरकार आणि सिडबी यांनी 2000 साली स्थापन केलेला पतहमी न्यासही आहे.

या हमीविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. हमी कर्जदाराला नसते, बँकेला असते. कर्ज बुडाले तर बँकेचे नुकसान काही अंशी भरून निघते, कर्जदाराची जबाबदारी मात्र संपत नाही. महागाईमुळे ज्याचा नफाच नाहीसा झाला आहे, त्याला हमीमुळे कर्ज मिळेल, नफा मिळणार नाही.

करोनाकाळातील सर्वांत मोठी योजना याचे उत्तम उदाहरण आहे. मे 2020 मध्ये जाहीर झालेल्या आपत्कालीन पतहमी योजनेची मर्यादा प्रारंभी तीन लाख कोटी रुपये होती, ती पुढे पाच लाख कोटींपर्यंत वाढविण्यात आली. योजना 31 मार्च 2023 पर्यंत चालली. तिच्यातून प्रारंभी 29 फेब्रुवारी 2020 रोजी थकीत असलेल्या कर्जाच्या 20 टक्के इतके नवे कर्ज, पूर्ण सरकारी हमीवर मिळत होते. तरतूद उपयुक्त होती आणि तिने अनेक कारखाने तारले. परंतु ज्याच्या नावावर बँकेचे कर्जच नव्हते, जो बयाण्यावर, ओळखीच्या दुकानदाराच्या उधारीवर आणि सावकारावर धंदा चालवीत होता, त्याच्या बाबतीत 20 टक्के कशाचे, हा प्रश्न होता. शून्याचे 20 टक्के शून्यच.

दुसरी अडचण हप्त्याची. मूर्तिकाराची मोठी मिळकत वर्षातून एकदा, पूजेच्या आधीच्या आठवड्यात येते. काली, जगद्धात्री आणि सरस्वती या पूजांमुळे थोडी भर पडते. मुदत कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला येतो. चैत्र-वैशाखात, जेव्हा कार्यशाळेत विशेष काम नसते, तेव्हाही. शेतकऱ्याच्या बाबतीत ही गोष्ट बँकांनी कधीच मान्य केली आहे. पीककर्ज पेरणीला मिळते आणि सुगीनंतर फेडायचे असते. वेळेवर फेडल्यास सात टक्क्यांच्या व्याजात तीन टक्क्यांची सूट मिळते. कुमारटुलीच्या मूर्तीलाही पेरणी आणि सुगी आहे. मूर्तिकार मात्र कागदोपत्री शेतकरी नाही, तो उत्पादक आहे, आणि उत्पादकाने दर महिन्याला विक्री करावी अशी अपेक्षा असते. बँकेकडून खेळत्या भांडवलासाठी रोख पत मिळू शकते, परंतु तिच्यासाठी हिशेबवह्या आणि उलाढालीचे पुरावे लागतात. तोंडी व्यवहारावर चालणाऱ्या गल्लीत हे पुरावे कमीच असतात.

केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 रोजी, विश्वकर्मा जयंतीला सुरू झाली. कुंभार आणि मूर्तिकार हे दोन्ही तिच्या अठरा व्यवसायांत आहेत. प्रथम एक लाख आणि नंतर दोन लाख रुपयांचे विनातारण कर्ज पाच टक्के व्याजाने, अवजारांसाठी 15 हजार रुपये आणि प्रशिक्षणकाळात दररोज 500 रुपये, अशी तिची रचना आहे. कुमारटुलीसाठीच आखली असावी असे वाटायला लावणारी ही योजना केंद्र आणि राज्य यांच्यातील राजकीय मतभेदांमुळे पहिली दोन वर्षे पश्चिम बंगालमध्ये अमलात येऊ शकली नाही. शिवाय लाभ कुटुंबातील एकाच व्यक्तीला देण्याची अट आहे. जेथे वडील सांगाडा बांधतात, मुलगा माती चढवितो आणि सून डोळे रेखाटते, तेथे कारागीर कोण, हे ठरविणे अर्जाच्या नमुन्याला जमणारे नाही.

शून्य कर, पण कर आहेच

सप्टेंबर 2017 मध्ये, त्या वर्षीच्या दुर्गापूजेच्या तोंडावर, जीएसटी परिषदेने मातीच्या मूर्तींवरील कर शून्य केला. या सवलतीचे स्वागत झाले. तिचा दुसरा भाग तितकासा चर्चेत आला नाही. विकलेल्या मालावर कर नसेल, तर कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. रंगांवर प्रारंभी 28 टक्के आणि जुलै 2018 पासून 18 टक्के कर आहे. मूर्तिकार दुकानातून रंग घेतो तेव्हा हा कर किमतीतच भरतो आणि तो त्याच्याकडेच अडकून राहतो. रंगाचे भाव वाढले की त्यावरील कराची रक्कमही वाढते. तरीही मूर्तीवर कर लावून वजावट द्यावी, असे कोणी सुचविणार नाही. तसे झाल्यास लहान कारागिराला विवरणपत्रे भरत बसावे लागेल. शून्य कर हाच त्यातल्या त्यात सुसह्य पर्याय आहे. फक्त त्याला संपूर्ण करमुक्ती समजू नये.

ज्यूटचा धडा

खर्च वाढू नये म्हणून कच्च्या मालाच्या किमतीवरच मर्यादा घालण्याचा मार्गही कोलकात्याने अनुभवला आहे. ज्यूट आयुक्तांचे कार्यालय याच शहरात आहे. सप्टेंबर 2021 मध्ये कच्च्या ज्यूटचा कमाल भाव क्विंटलला 6,500 रुपये ठरविण्यात आला. बाजारात या भावाने माल मिळेना. गिरण्यांना चढ्या भावाने खरेदी करणे बेकायदेशीर आणि ठरलेल्या भावाने खरेदी करणे अशक्य, अशी स्थिती झाली, आणि अनेक गिरण्यांनी काम बंद केले. मे 2022 मध्ये ही मर्यादा मागे घेण्यात आली. ज्यूट गिरण्या लघुउद्योग नव्हेत, परंतु मूर्तीच्या दोरीपासून केसांपर्यंत जो धागा लागतो तो याच बाजारातला.

खर्चाचा भार थेट उचलण्याचे प्रयोगही झाले आहेत. युक्रेन युद्धानंतर ब्रिटनने ऑक्टोबर 2022 ते मार्च 2023 या सहा महिन्यांसाठी सर्व व्यवसायांच्या वीज आणि वायूच्या घाऊक दरात सरकारी खर्चाने कपात केली होती. लहान दुकानदाराला त्यासाठी अर्ज करावा लागला नाही, बिलातच रक्कम कमी होऊन आली. श्रीमंत देशाला परवडणारी आणि तरीही सहा महिन्यांनंतर आखडती घ्यावी लागलेली ही मदत होती.

आपल्याकडील अधिक जवळचे उदाहरण मुंबईचे आहे. पर्यावरणपूरक गणेशोत्सवासाठी मुंबई महानगरपालिकेने अलीकडच्या वर्षांत मूर्तिकारांना शेकडो टन शाडू माती विनामूल्य दिली आणि मूर्ती घडविण्यासाठी जागाही उपलब्ध करून दिली. त्यामागील हेतू महागाई कमी करण्याचा नव्हता. प्लास्टर ऑफ पॅरिसचा वापर घटविणे हा होता, आणि शाडू मूर्ती महाग पडते ही मूर्तिकारांची तक्रार दूर करणे आवश्यक होते. परंतु परिणाम पाहिला तर खर्चाचा एक भाग, तोही कामाच्या आरंभीच, मूर्तिकाराच्या डोक्यावरून उतरला. पेण किंवा हमरापूरच्या मूर्तिकाराला त्याचे महत्त्व समजावून सांगावे लागणार नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, कुमारटुलीला वर उल्लेखिलेल्या कोणत्याही कर्जापेक्षा बांबू, पेंढा आणि माती यांचा हंगामापूर्वी केलेला साठा अधिक उपयोगी पडेल. अर्थात साठ्याला जागा लागते, आणि जागा हेच कुमारटुलीचे जुने दुखणे आहे. या वस्तीच्या पुनर्विकासाचा प्रकल्प डाव्या आघाडीच्या राजवटीत हाती घेण्यात आला होता. 2011 मधील सत्तांतरानंतर तो रखडला.

उरलेली रक्कम

शेवटचा मुद्दा येणी वसूल करण्याचा आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 अन्वये खरेदीदाराने अशा उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावयाचे असतात. विलंब झाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. प्राप्तिकर कायद्यातील दुरुस्तीने एप्रिल 2024 पासून या तरतुदीला धार आली. मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च उत्पन्नातून वजा करता येईनासा झाला.

ही धार कंपनीला जाणवते. व्यवसाय म्हणून कर न भरणाऱ्या पूजा समितीला ती जाणवण्याचे कारण नाही. 2006 च्या कायद्याने तक्रार करता येते, पण त्यासाठी व्यवहारापूर्वी केलेली उद्योग नोंदणी आणि व्यवहाराचा काहीतरी लेखी पुरावा हवा. मूर्ती मंडपाकडे निघते त्या दिवशी उरलेली रक्कम द्यावी, असा संकेत आहे. त्या दिवशी थोडे कमी घ्या, बाकीचे विसर्जनानंतर पाहू, असे समितीने म्हटले तर मूर्तिकारापुढे फारसा पर्याय नसतो. षष्ठीनंतर त्या मूर्तीला दुसरा ग्राहक मिळत नाही. पुढील वर्षीचा बयाणाही त्याच समितीकडून यायचा असतो.

नोंदणीची वाट अलीकडे सोपी झाली आहे. जुलै 2020 पासून 'उद्यम' नोंदणी ऑनलाइन आणि विनाशुल्क आहे. जीएसटी क्रमांक नसलेल्या अतिसूक्ष्म उद्योगांसाठी जानेवारी 2023 मध्ये 'उद्यम असिस्ट' ही स्वतंत्र व्यवस्था आली. फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'उद्यम'वर नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगांना पाच लाख रुपये मर्यादेची क्रेडिट कार्डे देण्याची घोषणा झाली आणि पहिल्या वर्षासाठी दहा लाख कार्डांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. असे कार्ड लागेल तेव्हा उचल आणि पैसे आल्यावर भरणा या पद्धतीने चालले, तर ते मासिक हप्त्यापेक्षा मूर्तिकाराच्या वर्षाशी अधिक जुळेल. त्यासाठी बँकेने मर्यादा ठरविताना वर्षभराची सरासरी उलाढाल न पाहता रथयात्रा ते महालया या तीन महिन्यांचा हिशेब पाहावा लागेल, आणि मूर्तिकाराला आषाढात मिळालेला बयाणा एखाद्या कागदावर लिहून घ्यावा लागेल.